निम्मा पुडा, दुप्पट टाकी

मु. पो. गोरेगाव, जि. हिंगोली
(आता परभणी लिहीत जाऊ नका. एक मेपासून आपला जिल्हा वेगळा झाला. पोस्टमन म्हणतो, परभणी लिहिलं तरी पत्र येईल. पण आपला जिल्हा नवा आहे, त्याचा मान आपणच राखावा.)
जून १९९९

तीर्थरूप हरिचंददादा आणि सौ. वहिनी यांना धाकट्या भीमराजचा वाकून जयभीम.

दादा, तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं की अजून आहे? निघालं नसेल तर घाई करू नका, आणि आत खाज सुटली तर वहिनींची लोकरीची सुई घालू नका. आमच्या शाळेच्या शिपायानं तसं केलं होतं. सुई आतच राहिली आणि दवाखान्यात जाऊन प्लास्टर फोडावं लागलं. वहिनींचे गुडघे कसे आहेत? सिकंदराबादला उकाडा फार असेल. इकडे मी, शिला आणि लेकरं ठीक आहोत. (ठीक हा शब्द मी तब्येतीपुरता वापरला आहे. बाकीचं पुढे येतं आहे.)

तुम्ही कार्डात लिहिलं की पाय मोडल्यामुळे भाचीच्या लग्नाला येता आलं नाही, तर लग्न कसं झालं ते सविस्तर कळव. तर आधी मुख्य बातमी. आपल्या करुणाचं लग्न झालं. ती हट्ट्याला सासरी गेली, सुखात आहे, आणि जावई दिपकराव शांत स्वभावाचे आहेत. हे अगोदरच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला दोन-तीनदा वाटेल की लग्न मोडलं. मलाही वाटलं होतं. तुम्हाला सगळं कोणी ना कोणी सांगणारच आहे, आणि लोक सांगताना स्वतःच्या पदरचं घालतात. म्हणून म्हटलं, जेवढं खरं आहे तेवढं माझ्याकडून ऐका. तेवढंच पुष्कळ आहे.

तुम्हाला माहीत आहे, केशरअक्काला माझा केवढा अभिमान. लोकांच्या रानात खुरपून तिनं मला बी. एड. केलं. आता गल्लीत कोणाच्या घरी सतरंजी किती लागेल हे मोजायचं असो की म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वाटून द्यायच्या असोत, अक्का म्हणते, "थांबा, माझ्या भावाला बोलावते. गणिताचा मास्तर हाय तो." मी जातो, मोजतो, चहा पितो, परत येतो. इतकी वर्षं हे नीट चाललं होतं. त्यामुळे करुणाच्या लग्नात जिथे जिथे मोजमापाचं काम होतं तिथे अक्कानं मला पुढे केलं, आणि मीही (हे लिहिताना मान खाली जाते) न बोलावता पुढे झालो.

पहिलं काम साखरपुड्याचं. नवरदेवाला आपल्याकडून द्यायचा मोठा पुडा दाजींनी हिंगोलीहून आणला होता. सोनेरी कागदाचा, शंकूच्या आकाराचा, टोकाला झुरमुळ्या, आत बरोबर किलोभर साखर मावणारा. अक्काच्या मनात आलं की नवरदेवाच्या भावकीतल्या प्रत्येक घरालाही एकेक पुडा द्यावा. म्हणाली, "भीमा, तसेच कर, पण निम्मे." म्हणजे अर्ध्या-अर्ध्या किलोचे. दादा, यात अवघड काय होतं? मी मोठा पुडा टेबलावर उभा केला, पट्टीनं उंची घेतली, तोंडाची रुंदी घेतली, दोन्ही बरोबर निम्मी केली आणि पुठ्ठा कापायला बसलो. शिला खळ लावत होती. ती म्हणाली, हे लई लहान दिसून राहिले. मी म्हणालो, निम्मं म्हटल्यावर लहानच दिसणार. अक्का शेजारणीकडून तराजू मागून घेऊन आली, तर मी तो परत पाठवला. पुडा हेच माप आहे, म्हणालो, गणित ज्याला येत नाही तो तराजू घेतो. (हे वाक्य मी बोललो होतो, हे आता गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.)

पुडे भरून झाले, तर साखरेचं पोतं जवळजवळ तसंच. मी काय समजावं? मी समजलो, दुकानदारानं चुकून जास्त भरली. माझ्यातला प्रामाणिक माणूस जागा झाला. मी उरलेलं पोतं सायकलवर घालून दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, गुरुजी, साखर कमी भरली म्हणून भांडायला येणारे लई पाहिले, जास्त भरली म्हणून परत आणणारे तुमीच पहिले. त्यानं गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुक केलं आणि मला चहा पाजला. त्यानंतर बरेच दिवस मी कुठेच ताठ मानेनं चहा प्यालेलो नाही.

साखरपुड्याला हट्टेकर मंडळी जीप भरभरून आली. कार्यक्रम छान झाला, पुडे वाटले गेले. बायकांच्या बाजूला नवरदेवाची मोठी आत्या बसली होती, रुख्मिणीबाई. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की तिला लाउडस्पीकरची गरज नाही. तिनं पुडा तळहातावर ठेवला, वर-खाली केला, कानाशी नेऊन हलवला आणि मला विचारलं, "काय वो मास्तर, ही साखर हाय का दवाखान्यातली पुडी? दिवसातून किती खेपा घ्यायची?"

लोक हसले. तेव्हा मीही हसून गप्प बसलो असतो, तर दादा, हे पत्र इथेच संपलं असतं. पण मी पडलो मास्तर. कोणाला शंका आली की फळ्याकडे धावायची सवय. मी म्हणालो, आत्याबाई, हा पुडा नवरदेवाच्या पुड्याच्या बरोबर निम्मा आहे, दाखवतोच. मी नवरदेवाच्या हातातला मोठा पुडा घेतला (होय, हातातला), त्यातली साखर परातीत ओतली आणि रिकामा पुडा टोक खाली करून दाजींना धरायला लावला. त्यात आत्याबाईंचा पुडा ओतला. साखर थेट निम्म्या उंचीला आली. मी बाहेरून बोट लावून सगळ्यांना दाखवलं. म्हणालो, बघा, निम्मं भरलं. अजून एक ओतला की काठोकाठ.

शेजारच्या बाईचा पुडा घेतला, ओतला. साखर दोन बोटं वर सरकली आणि थांबली. मी पुड्याला टिचकी मारली. दाजींना म्हणालो, नीट धरा, वाकडा धरलाय. तिसरा ओतला. दोन बोटंही वर आली नाही. वर जावं तसा पुडा रुंद होत जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी साखर कमी कमी चढत होती, आणि माझ्या कपाळावर घाम जास्त जास्त. इथे तरी थांबावं? पण आता रुख्मिणीबाईंना हुरूप आला होता. त्या बायकांच्या मांडीवरचे पुडे गोळा करून मला आणून देत होत्या. पोरंसोरं, बाया, पाहुणे, सगळे मोठ्यानं मोजू लागले. चार! पाच! आपल्याच गल्लीतली माणसं सगळ्यात मोठ्यानं. आठव्या पुड्याला काठ भरला आणि टाळ्या पडल्या.

"म्हंजे आमी आठ घरं मिळून एका नवरदेवाएवढे," रुख्मिणीबाई म्हणाल्या, "बरं झालं, समजलं."

मी अक्काकडे पाहिलं. ती परात धरून दारात उभी होती आणि पदर तोंडाला लावला होता. मला आधी वाटलं, हसते आहे. ती हसत नव्हती.

चूक काय झाली हे मला सहाव्या पुड्यालाच कळलं होतं. उंची निम्मी केली की माल निम्मा होतो. पण तोंडाची रुंदी निम्मी केली की माल निम्मा होत नाही, पाव होतो, कारण घेर इकडून-तिकडेही आकसतो आणि पुढून-मागेही आकसतो. निम्म्याचा पाव म्हणजे आठवा हिस्सा. अर्ध्या किलोच्या जागी मी पाहुण्यांच्या हातावर नवटाक ठेवली होती. दादा, हे मी दरवर्षी शिकवतो. एक तृतीयांश पाय आर वर्ग एच. त्यातल्या 'आर वर्ग'वर मी छडीनं टकटक करतो आणि विचारतो, वर्ग कशाचा आहे रे? पोरं ओरडतात, आरचा! उत्तर बरोबर असतं. त्याचा साखरेशी काही संबंध आहे हे मात्र इतक्या वर्षांत आमच्या वर्गात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर हट्ट्याहून निरोप येणं बंद झालं. तारीख ठरवायला येतो म्हणाले होते, कोणी आलं नाही. दाजी कोंडीबा मला काही बोलले नाहीत. (ते कोणालाच काही बोलत नाहीत, पण या वेळी ते मलाच काही बोलत नाहीत असं वाटायचं.) एका सकाळी करुणा आमच्या घरी आली, शिलाशी काहीबाही बोलत बसली आणि जाताना मला हळूच म्हणाली, "मामा, मोडलं का?" दादा, ती लहान असताना मी तिला खांद्यावर बसवून पाढे म्हणायला शिकवले होते. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. त्याच दिवशी मी त्याच दुकानातून तीच साखर पुन्हा घेतली (दुकानदार या वेळी फक्त बघत होता) आणि जीप बदलत बदलत हट्ट्याला गेलो. घरोघर जाऊन, हात जोडून, वजन करून राहिलेली साखर दिली. लोक भले निघाले. पाणी दिलं, खुर्ची दिली. रुख्मिणीबाईंनी चहा केला. एक घोट घेतला तर चहात साखरच नाही. मी गुपचूप पीत राहिलो. पेला रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, "चाखून पाहून राहिले होते, बोलता का न्हाई. माणूस गरीब हाय. होऊ द्या लग्न." अशी तारीख ठरली. मेच्या शेवटची.

इथे मी शहाणं व्हायला हवं होतं. मी झालोही, पण भलत्याच बाजूनं. मला वाटलं, झाली ती चूक कंजूषपणाची. हिशेब करत बसलो म्हणून हात आखडला. आता लग्नात हिशेब करायचाच नाही, सढळ हातानं करायचं. आणि नेमकं तेव्हाच पाण्याचं काम निघालं. मे महिन्यात आपल्याकडे पाण्याची काय तकलीफ असते ते तुम्ही विसरला नसाल. अक्काच्या अंगणातली गोल टाकी जुनी, गळकी. ती म्हणाली, एवढं वऱ्हाड येणार, तर पाडून नवी बांधू, हिच्या दुप्पट. सेनगावच्या बाजूच्या तांड्यावरचा रूपसिंग गवंडी बोलावला. मोठा हौशी माणूस. त्यानं विचारलं, "गुरुजी, उंची दुप्पट का रुंदी दुप्पट?" मी म्हणालो, दोन्ही. हात आखडू नको. त्याचे डोळे चमकले. इतकी वर्षं लोकांनी त्याला चुलीचे ओटे आणि न्हाणीच्या भिंती सांगितल्या होत्या. त्याला पहिल्यांदा कोणी मोकळं सोडलं.

तुम्ही म्हणाल, अरे, पुड्याचा अनुभव ताजा असताना? दादा, मी स्वतःला तेच विचारतो. माझ्या डोक्यात असं होतं की शंकू हा मुळातच फसवा आकार, खाली एक, वर एक. दंडगोल तसा नाही. खाली जेवढा तेवढाच वर, सरळ माणूस. तो दगा देणार नाही. शिवाय तेव्हा निम्मं केल्यानं घोटाळा झाला होता, आणि इथे मी दुप्पट करत होतो. (हे लिहून पाहिलं की किती वाईट दिसतं. मनात असताना चांगलं दिसत होतं.)

दुपटीच्या हिशेबानं आणलेल्या विटा टाकी कमरेला यायच्या आतच संपल्या. रूपसिंगनं दाजींच्या न्हाणीसाठी ठेवलेल्या विटा लावल्या, मग माझ्या घराच्या कुंपणाच्या लावल्या. टाकी माझ्या डोक्याच्या वर गेली. रूपसिंगनं तोट्या कमरेच्या उंचीला बसवल्या, म्हणजे पाहुण्यांना हात धुताना वाकायला नको. मला ते फार आवडलं. मी त्याला शाबासकी दिली. टाकी सुकली, पाणी पिऊन पक्की झाली, आणि लग्नाच्या सकाळी टँकर आला. जुन्या टाकीत मावायचं त्याच्या दुप्पट पाणी मोजून सांगितलेलं. चुलीला आणि प्यायला लागणारं पाणी आधीच रांजणांत भरून घेतलं. (हे तुम्हाला आवर्जून सांगतो, कारण गावात वेगळंच सांगतात.) बाकी सगळं टाकीत सोडलं. टँकर खडखडीत रिकामा झाला. अक्कानं तोटी सोडली. हवा आली. दुसरी सोडली. तिच्यातून एक मुंगळा बाहेर आला.

शिडी लावून वर चढून पाहिलं, तर पाणी तळाशी. गुडघ्याच्या थोडं वर. उंची दुप्पट, रुंदी इकडून दुप्पट, रुंदी तिकडून दुप्पट. दोन दुणे चार, चार दुणे आठ. आठ टाक्यांची एक टाकी बांधून मी तिच्यात दोन टाक्यांचं पाणी ओतलं होतं. ते तोट्यांच्या हातभर खाली होतं आणि तोटीतून पाणी यायचं तर अजून एवढाच एक टँकर लागला असता. मे महिन्यात दुसरा टँकर कुठला मिळतो? वरून बादली सोडून पाहिली, तर ती पाण्यावर आडवी तरंगत राहिली. आचारी भांडी घेऊन उभा, बायका धुणी घेऊन उभ्या, सगळे माझ्याकडे बघत उभे. मी पांढरा सदरा काढून शिलाच्या हातात दिला, अक्कानं माझे पाय साबणानं दोनदा धुऊन घेतले, आणि मी दाजींची लुंगी वर खोचून टाकीत उतरलो. आतून बादली भरायची, काठावरून वर द्यायची. काम सुरू झालं. खरं सांगतो, आत गार होतं, आणि कोणाचं तोंड दिसत नव्हतं. मला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात मंडपवाल्यानं लाउडस्पीकर बांधायला शिडी नेली. त्याला वाटलं, रिकामीच आहे. मागोमाग रस्त्यावर वाजंत्री ऐकू आली. वऱ्हाड आलं होतं. बादल्या घेणाऱ्या बायका ओवाळायला पळाल्या. आणि मी, नवरीचा एकुलता एक हजर मामा, टाकीत. हाका मारल्या, पण वाजंत्रीत कोणाला ऐकू जाणार? सगळं शांत झाल्यावर बाहेरून तोटी फिरवल्याचा आवाज आला. मग टाकीवर काठीची टकटक.

"कोन हाय आत?"

"मी," मी म्हणालो. आवाज असा घुमला की मीच दचकलो. "नवरीचा मामा."

"मामा, तुमी आत काहून?"

"पाणी देऊन राहिलो."

"काहून, तोटीला पाणी न्हाई?"

"हाय. तोटीच्या खाली हाय."

नंतर कळलं ते रामकिशन गुरुजी होते, दिपकरावांचे मामा, शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. साखरपुड्याला ते आले नव्हते, म्हणून मला ओळखत नव्हते. त्यांच्या चपलांचा आवाज टाकीभोवती एक चक्कर फिरून आला. म्हणाले, जुनी टाकी केवढी होती? मी म्हणालो, हिच्या निम्मी. म्हणाले, निम्मी कशानं, उंचीनं का रुंदीनं? मी म्हणालो, दोन्हीनं. मग शांतता. गणिताच्या माणसाची शांतता मला ओळखता येते.

"मामा," ते म्हणाले, "तुमी शाळेत कोणता विषय शिकवता?"

दादा, तुमच्यापासून काही लपवत नाही. मी म्हणालो, मराठी.

"मग बराबर हाय," गुरुजी म्हणाले. "मराठीच्या माणसाकून व्हतं असं. गणिताचा असता तर मी त्याला आतच राहू दिलं असतं." आणि भल्या माणसानं स्वतः जाऊन शिडी आणली.

मी अंग पुसून, सदरा घालून मंडपात मागच्या रांगेत जाऊन बसलो. त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीत करुणा फार शोभत होती, फुलं टाकली, लग्न लागलं. मी डोळे पुसत होतो तेवढ्यात लाउडस्पीकरवर रामकिशन गुरुजी म्हणाले की नवरीचे मामा मराठीचे विद्वान आहेत, त्यांनी नवदांपत्याला दोन शब्द सांगावेत. आपल्या गल्लीतली माणसं वळून वळून बघायला लागली की हा मराठीचा विद्वान मामा कोण. मी उठलो. केसांतून अजून पाणी गळत होतं. म्हणालो, बाळांनो, संसार दोघांचा असतो. सुख असो, दुःख असो, दोघांनी निम्मं-निम्मं...

"अगं बाई!" बायकांच्या बाजूनं रुख्मिणीबाईंचा आवाज आला. "करुणा, ह्याच्या निम्म्यावर जाऊ नको गं! हाती नवटाक येईल!"

मंडप पडायचा राहिला एवढे लोक हसले. रामकिशन गुरुजींनी शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण नापास झालेल्या पोराच्या बापाकडे पाहतो. पण नवरा-नवरीकडे बघितलं, तर दोघंही खाली मान घालून हसत होती, करुणाचे खांदे हलत होते. सकाळपासून रडवेली होती पोरगी. एवढी एकच गोष्ट त्या दिवसातली मला आठवावीशी वाटते.

वऱ्हाड गेलं, मंडप सुटला. ऊन उतरलं तेव्हा अक्का टाकीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. (सावली मात्र भरपूर पडते.) मी जाऊन शेजारी बसलो. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, आणि मी ऐकून घेईन, म्हणजे दोघांनाही हलकं वाटेल. तिनं आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं. मग अगदी हळू, कोणी ऐकू नये अशी, म्हणाली, "भीमा, तुला गणित येतं ना रे?"

मी म्हणालो, येतं, अक्का.

"खरं सांग. मी कोनाला सांगणार न्हाई. त्या पोराईला तू बराबर शिकवतो ना?"

दादा, ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेली गोष्ट खोटी तर नाही ना, असं तिच्या तोंडावर होतं. साखरपुड्यातल्या टाळ्या मी सोसल्या, टाकीतली लुंगी सोसली, पण हा प्रश्न मला सोसला नाही. तेव्हापासून मी नीट जेवलेलो नाही. शाळा सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. यंदा घनफळाचा धडा दुसऱ्या मास्तरांना द्यावा, असं मुख्याध्यापकांना विचारणार आहे.

टाकी अजून आहे तिथेच. सरकारी टँकर आता अर्ध्या गावाचं पाणी तिच्यात ओततो, कारण एवढं मोठं भांडं दुसरं कोणाकडे नाही. रूपसिंग आसपासच्या गावांतून माणसं आणून ती दाखवतो आणि माझ्याकडे बोट करून म्हणतो, ह्यांच्याच डोक्यातून निघाली. मी मागच्या गल्लीनं जातो-येतो.

तब्येतीला जपा. वहिनींना आणि मुलांना शिलाचा जयभीम. चुकलं-माकलं पोटात घाला.

तुमचा,
भीमराज

ता. क. एक छोटी विनंती आहे, खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मग बाकीचं लिहीत गेलो. तुम्ही अक्काला चार ओळी लिहाव्यात की पुडे दोन्हीकडून निम्मे करायचे आणि टाकी दोन्हीकडून दुप्पट करायची, ही कल्पना तुमची होती, आणि मोठ्या भावाचा शब्द मोडवला नाही म्हणून मी तसं केलं. तुम्ही रेल्वेतले. तुम्हाला गणित आलंच पाहिजे असं काही नाही.

ता. क. २. न विचारता एक गोष्ट झाली आहे. अक्कानं त्या दिवशी तो प्रश्न विचारला तेव्हा मी नुसतं 'येतं' म्हणालो नव्हतो. वर लिहिलेलं कारणही सांगून टाकलं होतं. दादा, तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "मग असं सांग ना! तरी म्हनलं, तू असं करनार न्हाई." दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला घरोघर जाऊन सांगून आली. आता मी ते कुठल्या तोंडानं मागे घेऊ?

ता. क. ३. तुमचा पाय मोडल्याचं कळल्यापासून तिला तुम्हाला बघायला यायचंच होतं. आता तुम्हाला चार शब्द सुनवायचेही आहेत. आत्ताच तिला हिंगोलीला गाडीत बसवून दिलं आणि स्टेशनाबाहेरच्या डब्यात हे पत्र टाकतो आहे. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा ती समोरच बसलेली असेल आणि विचारेल, भीमाचं पत्र हाय का? काय लिव्हलं? तेव्हा हात जोडून सांगतो, मोठ्यानं वाचू नका.